सहाव्या रांगेतली टाळी

केचकेमेत, ४ ऑक्टोबर १९९६

इर्माबाई,

तुझं पत्र पोचलं. लेकीच्या घरातून बालातोन सरोवर दिसतं, हे तू एकाच पत्रात तीनदा लिहिलं आहेस. दिसत असेल. माझ्या खिडकीतून बेकरी दिसते आणि माझं काही अडत नाही.

काल हंगामाचं पहिलं नाटक झालं. आपला गुरुवारचा पास, सहावी रांग. माझी अकरा नंबरची खुर्ची जागेवर आहे. तुझ्या बारा नंबरवर आता बोग्नार नावाचे दातांचे डॉक्टर बसतात. तू पास सोडलास आणि आठवड्याच्या आत तो त्यांच्या नावावर झाला. इतकी वर्षं तू तिथे बसलीस, तुझ्याआधी तुझा दादा तिथे बसून झोपा काढायचा, पण नाटकवाल्यांना त्याचं काय? डॉक्टर माणूस बरा आहे. फक्त पेपरमिंटच्या गोळ्या खातो आणि कागद माझ्या पायाशी टाकतो.

नाटक राजदरबाराचं होतं. राणीला पिवळा झगा दिला होता. पिवळा, त्या बाईच्या रंगाला! दुसऱ्या अंकात निळा होता, तो बरा. सेनापतीच्या बुटांना नव्या टाचा ठोकल्या होत्या. आपला तोर्दाई बालिंट राजा झाला होता. साठी उलटली तरी पाठ ताठ. सिंहासनावरून उतरताना तो आधी डावा पाय खाली ठेवतो आणि क्षणभर थांबतो. ते थांबणं बघायला मी पास घेते.

पडदा पडला. लोक नेहमीसारखे आपापल्या मनाने वाजवत राहिले. मग मी सुरू केलं. एक, दोन, तीन. तिसरीला आपली रांग आली, मग बाल्कनी, आणि मग सगळं थिएटर एका ठेक्यात. आधी हळू, मग जलद, मग पुन्हा हळू. बऱ्याच दिवसांनी अशी लोखंडी टाळी झाली. ‘आमच्या गावात नाटक कधी संपलं हे सहाव्या रांगेतल्या बाई ठरवतात,’ असं दिग्दर्शक एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, आठवतं ना? आठवत नसेल तर आठव.

फोन मी काढून टाकला. उगाच भाडं कशाला भरायचं? पत्र लिहीत जा.

तुझी वहिनी,
एतेल्का


केस्तहेय, २० ऑक्टोबर १९९६

वहिनी,

फोन काढून टाकलास? धन्य आहे तुझी. आता मला काही सांगायचं झालं तर मी सरोवरात बाटली सोडू का? (हे सरोवर चौथ्यांदा. मोज.)

पिवळा झगा कळला. पण राणी म्हणाली काय? राजाला विष कुणी दिलं? तू बुटांच्या टाचा लिहितेस आणि विष विसरतेस. पूर्वी नाटकातलं अख्खं भांडण तू दोन्ही बाजूंनी म्हणून दाखवायचीस. दादा म्हणायचा, हिला पाठवलं की झालं, मला जायची गरज नाही.

इथलं म्हणशील तर ठीक आहे. नोरा कामावर जाते. जावईबापू संध्याकाळी टीव्हीपुढे बसतात आणि फुटबॉल बघतात. फुटबॉल नसेल तेव्हा फुटबॉलविषयी बोलणारी माणसं बघतात. मी साडेपाचला विणकाम उचलते आणि खालच्या मजल्यावर फारागोबाईंकडे जाते. तिथे आम्ही चौघीजणी ती दक्षिण अमेरिकेतली मालिका बघतो. खिडक्या लावून घ्यायच्या, सुया खाली ठेवायच्या, आणि जमीनदार डॉन एर्नान बोलत असेल तेव्हा कुणी श्वाससुद्धा जोरात घ्यायचा नाही, असा नियम आहे.

कारण त्याचा हंगेरियन आवाज कुणाचा, ओळख! आपल्या तोर्दाईचा. दर सोमवारी बुडापेस्टला जाऊन भरून येतो म्हणे. मी पहिल्याच दिवशी ओळखला. ‘तुम्ही आता इथून निघून जा, मर्सेदेस,’ असं म्हणाला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी या माणसाला सहाव्या रांगेतून बघितलंय, त्याला घाम येतो तो दिसायचा, असं मी सांगितलं तेव्हापासून फारागोबाई मला मधली खुर्ची देतात.

म्हणजे बघ, आपण दोघींनी त्याला वाटून घेतलाय. अंग तुझ्याकडे, आवाज माझ्याकडे.

विष कुणी दिलं ते कळव.

इर्मा


केचकेमेत, १५ डिसेंबर १९९६

इर्मा,

विष कुणी दिलं ते महत्त्वाचं नाही. तो पडला कसा ते महत्त्वाचं. गुडघे आधी, मग खांदा.

या महिन्यात संगीतिका झाली. नायिकेने चौदा गुंड्यांचे हातमोजे घातले होते. वाद्यवाले यंदा फार सभ्य झाले आहेत, पूर्वीसारखे धडाधडा वाजवत नाहीत. नवीन पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. शाळेत त्यांना तोंड उघडायला शिकवत नाहीत वाटतं. मी बरणीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, तिथे झाकणं ठोकणाऱ्या यंत्राच्या शेजारी उभी राहून पन्नास बायकांना कामाला लावायचे. तिथे असं पुटपुटून चाललं असतं का?

टाळी मीच सुरू केली. उत्तम झाली.

वरच्या मजल्यावर नवीन माणूस राहायला आलाय. त्याने माझ्या दारावर चिठ्ठी लावली, ‘कृपया टीव्ही हळू ठेवा.’ हळूच असतो. आजकालच्या लोकांना कशाचा तरी त्रास करून घ्यायचा असतो.

सोबत खसखशीचा बेग्ली रोल पाठवते आहे. एका टोकाला जरा फुटलाय. ते टोक जावयाला दे.

एतेल्का


केस्तहेय, १९ जानेवारी १९९७

वहिनी,

रोल मिळाला. फुटकं टोक मीच खाल्लं, जावयाला धडधाकट टोक दिलं. मला इथे राहायचं आहे.

पण आमच्याकडे काय आकांत झालाय, ऐक. सोमवारी डॉन एर्नान जेवायला बसला, तोंड उघडलं, आणि आतून परकाच माणूस बोलला! पातळ, शाळामास्तरासारखा आवाज. फारागोबाईंनी टीव्ही बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तोच मास्तर. एकजण म्हणाली, थोड्या दिवसांनी कानाला सवय होईल. मी म्हटलं, बाई, तुमचा नवरा उद्या दुसऱ्याच आवाजात ‘जेवायला वाढ’ म्हणाला तर वाढाल का? तर ती म्हणाली, वाढीन. अशी माणसं आहेत इथे.

तोर्दाईला काय झालं? तू तिथेच आहेस, दर महिन्याला त्याला बघतेस. आवाज बसलाय का? आजारी आहे का? गावचा पेपर मी इथे टपालाने मागवला होता, पण महिनाभर आलाच नाही. पोस्टात जन्म काढून मलाच माझा पेपर मिळत नाही. तू कानोसा घे आणि लगेच लिही. चौघीजणी वाट बघतोय.

इर्मा


केचकेमेत, ९ फेब्रुवारी १९९७

इर्मा,

तुमच्या चौघींना सांग, सुया उचला आणि विणायला लागा. तोर्दाईला काहीही झालेलं नाही. गेल्या गुरुवारीच बघितला. कोर्टाचं नाटक होतं, हा न्यायाधीश. काम लहान, पण आवाज तोच, घंटेसारखा. हातोडा आपटून असा काही गरजला की डॉक्टर बोग्नारांच्या हातातली गोळी खाली पडली. बुडापेस्टच्या लोकांना पैसे वाचवायचे असतील, म्हणून त्यांनी तुमच्या जमीनदाराला स्वस्तातला आवाज आणला.

खरी बातमी वेगळीच आहे. हा त्याचा शेवटचा हंगाम. मार्चमध्ये त्याचं निरोपाचं नाटक आहे, तिसा नदीवरच्या म्हाताऱ्या नावाड्याचं. नदीवर पूल होतो आणि नावेत कुणी बसेनासं होतं, असं काहीतरी. फलकावर लावलंय. एकच प्रयोग, आणि तो आपल्या गुरुवारच्या पासाला आलाय, कळलं का? निरोपाची टाळी माझ्या हातून व्हायची आहे. मी काळा पोशाख उसवून कमरेत सैल करून घेतलाय आणि हाताला रोज रात्री क्रीम लावते. हसू नकोस. कोरडे हात वाजत नाहीत.

एतेल्का


केचकेमेत, १४ मार्च १९९७

इर्मा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. झाली! गेल्या वीस वर्षांत अशी झाली नव्हती.

या नाटकाला पडदाच नव्हता. नवीन खूळ. रंगमंचावर एक नाव आणि मागे निळा उजेड, बस. तोर्दाई दोन तास त्या नावेत. शेवटी सगळे निघून जातात, उजेड उतरत जातो, तो उठतो, आपल्याकडे पाठ करतो आणि नदीकडे बघत उभा राहतो. किती वेळ! हलेना. थिएटरात कुणी हलेना. मला वाटलं, आता वाजवली नाही तर हा माणूस तिथेच उभा राहील. मी हात वर उचलले आणि सुरू केलं.

एक. दोन. लोक बावरले, माना वळवून माझ्याकडे बघायला लागले. तीन. मग डॉक्टर आले, मग सातवी रांग, मग बाल्कनी, मग सगळं थिएटर उभं राहून. तोर्दाई बराच वेळ वळला नाही. त्याचे खांदे हलले. भारावला होता. मग वळला आणि अगदी थोडकं वाकला. मोठा माणूस थोडकंच वाकतो.

कोट घेताना डॉक्टर बोग्नार माझ्या कानाशी येऊन काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, तुम्हालाही. दारावरच्या बाई मात्र माझ्याशी बोलल्या नाहीत, दुसरीकडे बघत होत्या. रडत असाव्यात.

मी घरी आले आणि तुझ्या दादाच्या फोटोपुढे जर्दाळूची ब्रँडी ठेवली. मग मीच प्यायले. फार समाधान वाटलं, इर्मा. तू पाहिजे होतीस.

तुझी
एतेल्का


केस्तहेय, २ एप्रिल १९९७

वहिनी,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. ईस्टरच्या हॅमशेजारी बसून लिहिते, त्यामुळे डाग पडले तर रडले असं समजू नकोस.

तुंबलेले पेपर एकदम आले. सगळे वाचले. तू कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

तोर्दाईच्या घशाचं नाताळाआधी ऑपरेशन झालं. आवाज गेला. तुमच्या गावाला जानेवारीपासून माहीत आहे, पहिल्या पानावर होतं. कोर्टाच्या नाटकात त्याला एकही वाक्य नव्हतं, वहिनी. न्यायाधीशाची सगळी वाक्यं कारकुनाला वाटून दिली होती. तो फक्त हातोडा आपटत होता. आणि तू मला लिहिलंस, घंटेसारखा आवाज.

मार्चपर्यंत त्याला कुजबुजण्याएवढा आवाज परत आला होता. त्यासाठीच ते नावाड्याचं नाटक घेतलं. आणि शेवटी तो पाठ करून उभा राहिला ना, तेव्हा नाटक संपलं नव्हतं. तो बोलत होता. चार ओळी राहिल्या होत्या, नदीला सांगायच्या. पेपरात लिहिलंय, ‘काही उतावळ्या प्रेक्षकांनी एका थोर नटाचे अखेरचे शब्द बुडवले.’ नाव नाही. पण गावात कुणाला नाव सांगायची गरज नसणार.

मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. ऑक्टोबरपासून एकातही कुणी काय बोललं ते नाही. झगे आहेत, हातमोजे आहेत, गुडघे आहेत. फोन काढून टाकलास. वरचा माणूस चिठ्ठी लावतो. वाद्यवाले सभ्य झाले. मी कशी मूर्ख, विष कुणी दिलं म्हणून विचारत बसले.

तुझे कान गेलेत, वहिनी. त्या बरण्यांनी नेले. मला का नाही सांगितलंस? मला याचाच राग आलाय, टाळीचा नाही.

इर्मा


केचकेमेत, १० एप्रिल १९९७

इर्मा,

पत्र मिळालं. तुझं नाक पहिल्यापासून लांब, सगळीकडे खुपसतेस, तुझा दादाही म्हणायचा.

पेपर आता मीही वाचला. जानेवारीतला न वाचताच चुलीत गेला होता, आणि हा उघडलाच नव्हता, मला कौतुक छापलेलं बघवत नाही म्हणून. मी ज्या माणसासाठी तीस वर्षं त्या खुर्चीवर बसले त्याचंच तोंड मी बंद केलं. सगळ्या गावासमोर. त्याचे खांदे हलले ते कशाने, हे मला आता कळतंय.

पास पुन्हा घ्यायची मुदत मेअखेर आहे. मी घेणार नाही. अकरा नंबर कुणालाही देऊ देत.

उत्तर पाठवू नकोस.

ए.


केस्तहेय, १२ मे १९९७

वहिनी,

पाठवते आहे.

कॅलेंडरात माझं नाव येतं त्या नामदिनाला तुझं कार्ड आलं नाही. तू लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. नोराने विचारलं, मामी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, ती रागावली आहे, म्हणजे जिवंत आहे.

मी दोन गोष्टी केल्या. दोन्हींवर तू संतापणार आहेस, म्हणून एकदमच सांगते. पहिली, मी डॉक्टर बोग्नारांच्या दवाखान्यात फोन केला. दात दुखतोय म्हणून घेतलं लाइनवर, मग सांगितलं की माझी खुर्ची परत हवी आहे. भला माणूस. तेरा नंबर रिकामा होतो आहे, तिकडे सरकायला तयार आहे. म्हणजे पुढच्या हंगामात मी महिन्यातून एक गुरुवार तुझ्याकडे येणार, रात्री राहणार, आणि बारा नंबरवर बसणार. जावईबापू तिकीट स्वतः काढून देणार आहेत, इतके खूश आहेत. नाटक खरंच संपलं की मी तुला कोपर मारीन. तोपर्यंत हात मांडीवर.

दुसरी गोष्ट. मी तोर्दाईला पत्र लिहिलं. टाळी कुणी वाजवली, का वाजवली आणि त्या बाईने आता घराबाहेर पडणं बंद केलंय, सगळं लिहिलं. पत्ता तुझा दिला. येईल की नाही माहीत नाही. मला उत्तर आलेलं नाही.

आता कानाच्या डॉक्टरकडे जा. तिथे तरी मान हलवून ‘तुम्हालाही’ म्हणू नकोस.

मला दर महिन्याला तुझी पत्रं लागतात. झग्यांची चालतील.

इर्मा


केचकेमेत, १ जून १९९७

इर्माबाई,

तुझ्यावर मी संतापले होते. तीन दिवस. चौथ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी लिहून दाखवलं की डावा गेलेला आहे, उजव्यात थोडं शिल्लक आहे. यंत्र ऑगस्टमध्ये मिळेल. बोग्नारांचे गोळ्यांचे कागदसुद्धा ऐकू येतील म्हणतात. त्याची काही हौस नाही. तू माझ्या उजव्या बाजूला बसतेस, म्हणजे बारा नंबर बरोबरच आहे.

पास काल घेतला. दोन्ही. का घेतला ते सांगते.

गेल्या शनिवारी दुपारी मी पोगाचा, आपले छोटे खारे पाव, भाजत होते. घंटी वाजली असणार, मला ऐकू आली नाही. वरचा तो चिठ्ठीवाला खाली आला आणि त्याने दारावर मुठी मारल्या, ती धडक मला पायाला कळली. उघडलं तर त्याच्यामागे तोर्दाई बालिंट. आता त्यांना ‘ते’ म्हणायला हवं, माझ्या स्वयंपाकघरात बसून गेलेत. जवळून बुटके आहेत, इर्मा. स्वेटरला कोपरावर ठिगळ आहे, पण चांगलं लावलंय.

मी आधी माफी मागितली. म्हटलं, तुमच्या चार ओळी मी खाल्ल्या, मला लाज वाटते, झोप येत नाही. माझा आवाज किती मोठा होता कोण जाणे, त्यांनी डोळे मिटून घेतले. मग खुणेने कागद मागितला. मी पेपर पुढे केला, त्याच्या कडेला त्यांनी लिहिलं, ‘तीन महिने घोकल्या होत्या. फार राग आला. अजून आहे.’

मी म्हटलं, असू द्या, तुमचा हक्क आहे.

त्यांनी आणखी लिहिलं, ‘मला त्या म्हणायच्या आहेत. तुम्ही बसा.’

मी स्टुलावर बसले. ते चुलीपाशी उभे राहिले. आधी पाठ केली, तिथे केली होती तशीच, आणि खिडकीतून बेकरीकडे बघितलं. मग मी कोण आहे हे आठवलं असावं, वळले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले. त्यांना कुजबुजीपलीकडे आवाज काढता येत नाही आणि मला ऐकता येत नाही. तू असतीस तर हसून पडली असतीस. मी ओठांकडे डोळे फाडून बघत होते. कारखान्यात बायकांचे ओठ मला वाचता यायचे, पण त्या रोज तेच बोलायच्या. इथे ‘नदी’ एवढा एक शब्द कळला, आणि तोही कदाचित मीच मनाने घातला असेल.

ओठ थांबले. मी हात एप्रनच्या खाली धरून ठेवले. म्हटलं, या वेळी नाही, एतेल्का. ते तसेच उभे. मी तशीच बसलेली. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी एक पोगाचा उचलून खाल्ला. मी तरीही हात हलवले नाहीत. कुणी सांगावं, नावाडी शेवटी खातही असेल.

त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मला एक अक्षर कळलं नाही.

त्यावर त्यांनी लिहिलेलं मी कापून ठेवलंय, तू आलीस की दाखवीन. ‘त्या रात्री तिसऱ्या रांगेच्या पलीकडे कुणालाच कळलं नव्हतं. सगळे दोन तास समजल्यासारखे बसले होते. कबूल करणाऱ्या तुम्ही पहिल्या.’

मी म्हटलं, मग सगळ्यांनी टाळ्या का वाजवल्या?

त्यांनी लिहिलं, ‘तुम्ही वाजवल्या म्हणून.’

डॉक्टर बोग्नार कोट घेताना माझ्या कानाशी काय म्हणाले होते, ते मी काल त्यांच्या दवाखान्यात जाऊन विचारलं. ते म्हणाले होते, ‘बरं झालं बाई, संपलं ते तुम्ही सांगितलंत. मला वाटलं मीच बहिरा झालो.’ आणि मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हालाही.

तोर्दाईंनी दुसरा पोगाचा खाल्ला, माझे हात अजून एप्रनखालीच आहेत ते बघितलं, आणि पेन्सिल उचलून पेपरच्या उरलेल्या कडेला एकच शब्द लिहिला. ‘आता.’

मग मी सुरू केलं. एक, दोन, तीन. तिसरीला वरच्या माणसाने पाय आपटले असावेत, कारण माझ्या डोक्यावरचा दिवा हलायला लागला. रागाने आपटले की कशाने, मला माहीत नाही. ठेका मात्र बरोबर होता.

तुझी वहिनी,
एतेल्का